झोपेची सुरुवात सकाळी साडेसहाला

२२ मार्च २०२०च्या रात्री मुंबईची लोकल थांबली आणि दोन-तीन दिवसांत सगळा देश बंद झाला. वीस वर्षं मी पाचला उठून डोंबिवलीहून सात-पाचची गाडी पकडत होते. पहिल्या आठवड्यात गजर बंद करून झोपण्याचं सुख वाटलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत मात्र रात्री अडीच वाजले तरी डोळ्याला डोळा लागेना, आणि सकाळी दहाला उठूनही अंग जडच. घडी परत बसायला दोन महिने लागले. घरून काम करणारे, आजारपणात घरी असलेले, नुकते निवृत्त झालेले, यांचीही झोप अशीच विस्कटते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी काय बिघडतं ते समजून घ्या. मेंदूतलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते रोज पुन्हा जुळतं. मला तो उजेड स्टेशनपर्यंतच्या पंधरा मिनिटांच्या चालण्यात मिळायचा. गाडी बंद झाली आणि घड्याळाला किल्ली देणारं कोणी उरलं नाही. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये त्याच काळात झालेल्या पाहणीत लोक आधीपेक्षा जास्त वेळ झोपत होते, पण झोप पूर्वीसारखी चांगली लागत नाही असं सांगत होते. ते वाचून मला फार धीर आला.

म्हणून उठण्याची वेळ ठरवा; झोपण्याची आपोआप ठरते. मी साडेसहा धरली. तीनला डोळा लागला तरी साडेसहालाच उठायचं, रविवारीसुद्धा. पहिले चार दिवस फार जड जातात, तेव्हा वाहन चालवू नका. फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. उठल्यावर वीस-तीस मिनिटं उघड्यावर काढा. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ सकाळीही तो हजारांत असतो. मी चहाचा कप घेऊन गच्चीवर जायची. गच्चीला कुलूप लागलं तेव्हा जिन्याच्या उघड्या खिडकीशी उभी राहिले. तेवढ्यानेही फरक पडला.

आमचं घर वन रूम किचन. दिवाणावर माझा लॅपटॉप, तिथेच मुलाचा ऑनलाइन वर्ग, तिथेच दुपारी लवंडणं. मग रात्री त्याच गादीवर पाठ टेकली की डोक्यात ऑफिस सुरू. गादीशी फक्त झोपेचं नातं राहायला हवं. सकाळी गादी गुंडाळून ठेवायची आपली जुनी रीत मी पुन्हा सुरू केली आणि काम ओट्याजवळच्या स्टुलावर नेलं. रात्री वीसेक मिनिटं नुसती कूस बदलण्यात गेली असं वाटलं तर उठा. घड्याळ बघू नका. मी स्वयंपाकघरात मंद दिव्याखाली लसूण सोलत बसायची. हाताला काम असतं, डोक्याला नसतं. डोळे मिटायला लागले की परत गादीवर.

काळजीचं काय करायचं, हे मला सगळ्यात अवघड गेलं. मे महिन्यात मामा विलगीकरणात होते. फोन कधीही वाजेल म्हणून मोबाइल उशाशी, आणि तो हातात आला की रुग्णांचे आकडे. शेवटी फोन दाराजवळच्या कपाटावर ठेवला, मामींच्या नंबराला मोठी रिंग लावली आणि बाकी सगळं गप्प केलं. नऊनंतर बातम्या बंद. दिवेलागणीला दहा मिनिटं वहीत काळज्या लिहायच्या, प्रत्येकीपुढे उद्या करता येईल अशी एक गोष्ट. काही काळज्यांपुढे लिहिण्यासारखं काहीच नसतं. त्या तशाच लिहून वही मिटायची. काळजी जात नाही, पण रात्री दोनला ती पहिल्यांदाच भेटल्यासारखी अंगावर येत नाही.

चहा दुपारी तीननंतर नको, कारण त्यातलं निम्मं कॅफीन पाचेक तासांनीही अंगात असतं. वामकुक्षी वीस मिनिटंच.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोप नीट लागत नाही, असे तीन महिने जात असतील, तर डॉक्टरांकडे जा. झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं, तर तीन महिने थांबू नका. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नका. जुन्या निद्रानाशावर आधी सवयी आणि विचार बदलणारे उपचार सुचवले जातात. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: कधी आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलात, दुपारी किती झोपलात. माझी नोंद किराण्याच्या वहीत मागच्या पानांवर आहे. १९ एप्रिलपुढे लिहिलंय, अडीच ते दहा. २८ जूनपुढे, अकरा ते साडेसहा.