अंधारात सायकलवर कामाला जाताय? लाईट ब्लिंकिंगवर ठेवायची का सलग, ते बघा

आधी उत्तर सांगून टाकतो, कारणं मग. अंधार पडल्यावर पुढची पांढरी लाईट कायम सलग ठेवायची, मागची लाल पण सलग, आणि ब्लिंकिंग लावायचीच असेल तर ती मागं दुसरी म्हणून, जोडीला. एकच लाल लाईट आहे आणि ती चपचप चपचप करत तुम्ही रातपाळीला चिंचोळी एमआयडीसीकडं निघताय, असं असेल तर पुढचं सगळं वाचा, विनंती आहे.

आपल्या सोलापुरात सायकलवर कामाला जाणारी माणसं अजून भरपूर आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर जाणारे, पहाटे मार्केट यार्डात भाजी आणायला निघणारे, पेपर टाकणारी पोरं, दूधवाले. शिवाय हल्ली गिअरची सायकल घेऊन सकाळी होटगी रोडला, विजापूर रोडला फिरायला जाणारेही वाढलेत. या फिरायला जाणाऱ्यांच्या सायकलला मागं-पुढं चांगल्या लायटी असतात आणि रोज पोटासाठी जाणाऱ्याच्या सायकलला बहुतेक काहीच नसतं, हे मला फार खटकतं, कारण दमून, झोप डोळ्यावर घेऊन, ट्रकच्या रस्त्यानं जावं लागतं ते त्यालाच. थंडीत तर संध्याकाळी सहा-सव्वासहालाच अंधारायला लागतं आणि सूर्य उगवतो सातच्या आसपास, म्हणजे जातानाही अंधार आणि येतानाही अंधार.

आता ब्लिंकिंगचं. लोकांना वाटतं ब्लिंकिंग म्हणजे जास्त सेफ, आणि त्यात थोडं खरंही आहे. दिवसाउजेडी किंवा तिन्हीसांजेला लुकलुकणारी लाईट नजर लवकर खेचते, बॅटरी पण जास्त टिकते. पण मागून येणाऱ्याला नुसतं "पुढं कायतरी आहे" एवढं कळून भागत नाही, ते किती लांब आहे आणि कुठल्या अंगाला सरकतंय हे पण कळायला पाहिजे, आणि काळ्याकुट्ट रस्त्यावर उघडझाप करणाऱ्या ठिपक्यावरून ते नीट कळत नाही. हिशोब करून बघा, ताशी ६० नं येणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते, तुमची लाईट अर्धा सेकंद बंद राहिली तर तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढं आली आणि त्या आठ मीटरात तुम्ही त्याच्यासाठी रस्त्यावर नव्हताच. परत लाईट लागते तेव्हा त्याला तुम्हाला नव्यानं शोधावं लागतं. सलग लाईटवर नजर टिकते, जवळ येईल तशी ती मोठी होताना दिसते आणि ड्रायव्हर आपोआप थोडा बाहेरून घेतो.

बाहेरच्या देशांत यावर कायदेच आहेत. जर्मनीत सायकलला ब्लिंकिंग लाईट लावायला परवानगीच नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालते, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा या हिशोबातच लुकलुकली पाहिजे, आणि जिथं रस्त्यावर दिवे नाहीत तिथं पुढची लाईट सलग ठेवा असं त्यांच्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात सांगितलंय. आपल्याकडं होटगी रोडला गाव सुटलं की दिवे संपतात, त्यामुळं ती शिफारस आपल्याला तर जास्तच लागू.

गावात गोष्ट थोडी वेगळी. नवी पेठेत, सात रस्त्याला दुकानांच्या एलईडी माळा, रिक्षाच्या मागच्या रंगीत लायटी, लग्नसराईत मंडप, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर विचारूच नका, सगळंच लुकलुकत असतं, त्यात तुमची एक छोटी लाल लुकलुक कुणाच्या लक्षात येणार? अशा ठिकाणी मागं दोन लायटी ठेवा, एक सलग आणि एक हळू लुकलुकणारी, सेकंदाला एक-दोनदा. सलगवरून तुमची जागा कळते, लुकलुकणारीवरून हा सिग्नल नाही, दुकान नाही, सायकलवाला आहे हे कळतं. दोन्हींमध्ये वीतभर तरी अंतर पाहिजे, एकाला एक चिकटवून लावल्या तर लांबून एकच दिसते.

जोरात चमकणारा स्ट्रोब मोड मात्र रात्री अजिबात नको, ना मागं ना पुढं. समोरच्याचे डोळे दिपतात, तो तुमच्याकडं बघायचंच टाळतो, आणि ज्यांना फिटचा त्रास आहे त्यातल्या काहींना जलद लुकलुकण्यानं फिट येऊ शकते. पुढं ब्लिंकिंग लावलं तर तुमचंच नुकसान जास्त आहे, कारण खड्डा एकदा दिसतो, मग गायब, मग एकदम चाकाखालीच. पट्टे न मारलेले स्पीडब्रेकर आपल्याकडं किती आहेत ते सांगायला नको.

ऊस सुरू झाला की तर अजून जपायचं. कुमठ्याच्या साखर कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या बघितल्या असतील, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, ट्रॉलीच्या मागं बऱ्याचदा काहीच लाईट नाही आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठी की तुमची घंटी त्याला ऐकू येणारच नाही. मागून येणाऱ्या जीपवाल्याला ती ट्रॉली ऐनवेळी दिसते आणि तो कच्चकन डावीकडं मारतो, म्हणजे तुम्ही असता तिथंच. त्याच्या नजरेत तुम्ही आधीपासून सलग असला पाहिजे, त्याला शोधायला वेळ नसतो.

हे पटत नसेल तर एकदा करून बघा. रात्री दिवे नसलेला सरळ रस्ता घ्या, भावाला किंवा मित्राला सायकल देऊन लांब पाठवा आणि तुम्ही गाडीवर ड्रायव्हर बसतो तेवढ्या उंचीला डोळे येतील असं थांबा. आधी नुसती ब्लिंकिंग, मग नुसती सलग, मग दोन्ही. प्रत्येक वेळी तो थांबलाय का चाललाय, डावीकडं आहे का मधोमध, हे ओरडून सांगायचा प्रयत्न करा. नुसत्या ब्लिंकिंगला तुम्ही अडखळाल.

लावायची कशी हे पण लाईट घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे. मागची लाईट सीटच्या दांडीला लावली आणि कॅरिअरवर डब्याची पिशवी बांधली की लाईट झाकली जाते, म्हणून कॅरिअरच्या मागच्या टोकाला नाहीतर मडगार्डवर लावा. थंडीत अजून एक होतं, अंगावर शाल नाहीतर चादर गुंडाळलेली असते आणि तिचा पदर मागं लोंबतो, निम्मा वेळ लाईटवरच. पदर पुढं खोचा. निघायच्या आधी चार पावलं मागं जाऊन एकदा स्वतः बघायचं, लाईट दिसते का आणि सरळ मागं बघते का, का जमिनीकडं.

पुढच्या लाईटचा ॲंगल भिंतीवर लावता येतो. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा, लाईट हॅंडलवर जेवढ्या उंचीला आहे त्याच्या बरोबर निम्म्या उंचीला प्रकाशाचा मधला भाग पडला पाहिजे. म्हणजे रस्त्यावर तो दहा मीटरवर पडतो, तुम्हाला खड्डा दिसायला तेवढं पुरतं आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. आपण कारवाल्यांना अप्पर-डिपरवरून बोलतो, मग आपलीही लाईट खालीच पाहिजे ना. लाईट गोल टॉर्चसारखी चहूकडं फाकणारी असेल तर काचेच्या वरच्या कडेला काळ्या इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी लावा.

घेताना काय बघायचं? बॉक्सवरच्या ल्युमेनच्या (म्हणजे उजेड किती पडतो त्याच्या) आकड्यावर जाऊ नका, स्वस्त लाईटवर हजारात लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. खरे ३०० ते ४०० ल्युमेन असतील तर अंधाऱ्या रस्त्यालाही चालतात, गावातल्या दिव्याच्या रस्त्याला शंभरही पुरतात. मी तर आधी बटण दाबून बघतो. काही लायटींना सलग मोडवर यायला दरवेळी स्ट्रोबमधून जावं लागतं, काहींना शेवटचा मोड लक्षात राहतो, अशी लक्षात ठेवणारीच घ्या. पावसासाठी आयपीएक्स ४ लिहिलेलं असलं की शिंतोड्यांना चालतं. बॅटरीचे तास बघताना सलग मोडचेच बघा, मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक ब्लिंकिंगचा असतो. जाऊन-येऊन अंधारातले तुमचे जेवढे तास होतात त्याच्या दुप्पट तरी चालली पाहिजे, आणि येताना बॅटरी अगदीच मरायला आली तर तेव्हा मागची ब्लिंकिंगवर टाका, बंद पडण्यापेक्षा ते बरं.

घरी जुनी डायनॅमोवाली सायकल असेल तर तो डायनॅमो काढून फेकू नका. पूर्वी बिनदिव्याची सायकल पोलीस पकडायचे त्या काळातला तो माल आहे, चार्जिंगची कटकट नाही. फक्त सायकल थांबली की दिवा विझतो, म्हणून मागं एक बॅटरीवाली लाल लाईट पाहिजेच.

आणि लाईटला पैसे नसतील तरी रेडियम लावाच. नंबरप्लेट बनवणाऱ्याकडं उरलेले तुकडे मिळतात, मागं लाल, पुढं पांढरं, दोन्ही चाकांच्या तारांना बाजूनं, आणि पेडलला दोन्हीकडं. पेडलचं सोडू नका, ते वर-खाली होताना दिसतं आणि ही सायकल आहे हे ड्रायव्हरला लगेच ओळखू येतं. रेडियमला चार्जिंग लागत नाही, पण दुसऱ्याची लाईट पडली तरच ते चमकतं, म्हणून लाईटच्या जोडीला.

उन्हाळ्यात लाईट सायकलवर ठेवून कंपनीच्या शेडबाहेर उन्हात सोडू नका. आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याजवळ अजून वर, आणि लिथियमची बॅटरी त्यात लवकर मरते. काढून डब्याच्या पिशवीत टाका, चोरीला पण जात नाही.