सोलापूर महानगरपालिकेचे उपविधी कसे होतात आणि त्यात आपले म्हणणे कधी मांडावे

सोलापूरची नगरपालिका १८५२ ची असून १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. तिचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालतो आणि शहरापुरते कायदे, म्हणजेच उपविधी, करण्याचा अधिकार याच अधिनियमाच्या कलम ४५८ ने तिला दिला आहे. मात्र मूळ अधिनियमाशी विसंगत असा उपविधी तिला करता येत नाही.

ठराव आणि उपविधी यांतील फरक आधी ध्यानात घ्यावा. सभेत ठराव झाला, एवढ्याने नागरिकांवर दंड बसवणारा कायदा तयार होत नाही. त्यासाठी उपविधीची पूर्ण वाट चालावी लागते. उदाहरणार्थ, घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक संस्थांना उपविधी करण्यास सांगितले होते. ओला व सुका कचरा वेगळा न देणाऱ्याकडून किती दंड घ्यावा, हे घराघराला भिडणारे प्रश्न अशाच उपविधीत ठरतात.

साधारणपणे मसुदा प्रशासन तयार करते आणि आयुक्त तो सभेपुढे ठेवतात. सोळा सदस्यांची स्थायी समिती किंवा विषयाशी संबंधित दुसरी समिती त्यावर शिफारस करू शकते, पण उपविधी मंजूर करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. तरीही समितीकडे दुर्लक्ष करू नये, कारण थोड्या सदस्यांत कलमवार चर्चा होऊ शकते आणि महासभेत विषयांच्या गर्दीत ती अनेकदा राहून जाते. म्हणून मसुदा समितीपुढे असतानाच आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना भेटावे आणि कोणत्या कलमाला उपसूचना हवी हे लेखी द्यावे.

नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा काळ मात्र हरकतींचा. सभेने मसुदा विचारात घेण्यापूर्वी त्याची जाहीर सूचना द्यावी लागते, मसुदा पाहण्यासाठी खुला ठेवावा लागतो आणि ठरलेल्या तारखेपूर्वी आलेल्या लेखी हरकती व सूचनांचा विचार करावा लागतो. ही तारीख हुकली की पुढे मोर्चे काढून फारसे हाती लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्जात केवळ ‘हा नियम अन्यायकारक आहे’ असे लिहू नये. कलमाचा क्रमांक, त्यामुळे होणारी अडचण आणि तुमच्या मते तेथे हवे असलेले शब्द, असे तिन्ही द्यावे, आणि आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आपल्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी अनेक यंत्रमाग कामगार कुटुंबे आहेत. मराठीतील सूचना त्यांना समजावून सांगणे आणि त्यांची हरकत लिहून देणे हे ज्यांना जमते त्यांनी अवश्य करावे.

सभेने मंजुरी दिली तरी काम संपत नाही. राज्य शासनाने कायम केल्याशिवाय उपविधी अमलात येत नाही. म्हणून कोणी उपविधीचा हवाला देऊन दंडाची पावती पुढे केली, तर त्या उपविधीला शासनाची मंजुरी कोणत्या तारखेला मिळाली आणि तो राजपत्रात कधी आला, हे लेखी विचारावे. उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून मंजुरीच्या आदेशाची, सभेच्या ठरावाची आणि इतिवृत्ताची प्रत मागावी.