नर्सवर फौजदारी खटला: ज्युनिअर बॅरिस्टरने कोर्टाची आणि नियामकाची तयारी एकत्र कशी करावी

इंग्लंड आणि वेल्समध्ये किंग्ज कौन्सेल (ज्येष्ठ वकिलाचा मानाचा दर्जा) न झालेला प्रत्येक बॅरिस्टर, म्हणजे कोर्टात युक्तिवाद करणारा वकील, ज्युनिअरच म्हणवला जातो, मग वकिलीला पंचवीस वर्षं का झालेली असेनात. हे टिपण मात्र खरोखरच्या नवख्यांसाठी आहे. प्युपिलेजची, म्हणजे बॅरिस्टरच्या उमेदवारीच्या वर्षाची, दुसरी सहामाही सुरू झाली आहे, तुम्ही स्वतः कोर्टात उभे राहू लागला आहात आणि फौजदारी कामाबरोबर डॉक्टर-नर्सच्या व्यावसायिक सुनावण्याही तुमच्याकडे येऊ लागल्या आहेत. दोन्हीकडे हमखास घडणारी एक चूक टाळायची आहे: फौजदारी खटला शिक्षेबरोबर संपला असं समजून काम करणं. अशील नोंदणीकृत नर्स असेल, तर कोर्टात लिहिलेला आणि बोललेला शब्द न् शब्द पुढे नर्सच्या नियामकाच्या, म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या, टेबलावर येतो.

उदाहरणादाखल एक प्रकरण घेऊ. न केलेल्या २२ पाळ्या टाइमशीटवर दाखवून नर्सने ५,३०० पौंड घेतले, असा आरोप आहे. कलम फ्रॉड ॲक्ट २००६ चं दुसरं, खोटं निवेदन करून फसवणूक.

आदल्या संध्याकाळी

ब्रीफ, म्हणजे खटल्याची कागदपत्रं आणि सूचना, चेंबरच्या क्लर्ककडून बहुधा संध्याकाळी हातात पडतं आणि उभं राहायचं असतं सकाळी. वाचण्याचा क्रम ठरवून ठेवा. आधी आरोपपत्र: तारखा, रक्कम, कलम. मग पोलिसांचा सारांश, म्हणजे एमजी ५. पण त्यावर विसंबू नका. तो सरकारी पक्षाच्या बाजूने लिहिलेला असतो आणि मूळ जबाबांशी जुळेलच असं नाही. त्यानंतर पोलिसांनी घेतलेली मुलाखत, आधीच्या शिक्षांची नोंद आणि शेवटी टाइमशीट. टाइमशीट मात्र एकेक ओळ करून, रोस्टरशेजारी ठेवून वाचा. सगळं प्रकरण त्या कागदात आहे.

त्याच संध्याकाळी सॉलिसिटरला, म्हणजे तुम्हाला काम देणाऱ्या आणि अशिलाशी थेट संपर्कात असलेल्या वकिलाला, दोन प्रश्न विचारा. नर्सने आरोपाची माहिती नियामकाला दिली का? नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेचा परिच्छेद २३.२ सांगतो की आरोप ठेवला गेला, कॉशन (पोलिसांची औपचारिक ताकीद) मिळालं किंवा दोषी ठरलं की शक्य तितक्या लवकर कौन्सिलला आणि मालकाला कळवायचं. ते लपवलं तर मूळ आरोपापेक्षाही जड असा नवा आरोप उभा राहू शकतो. दुसरा प्रश्न: नियामकाकडची बाजू कोण सांभाळतंय? फौजदारी लीगल एड (सरकारी खर्चाने मिळणारी कायदेशीर मदत) तिथे लागू होत नाही. बहुधा कामगार संघटना वकील देते. तो वकील वेगळा असेल तर कोर्टात काहीही लेखी देण्याआधी त्याच्याशी बोला.

खटल्याआधी काय लिहायचं नाही

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं आणि तेही चांगल्या हेतूने. नियामकापुढे आत्मपरीक्षणाला मोठं वजन असतं, म्हणून कोणीतरी नर्सला आत्मपरीक्षणाचं निवेदन लिहायला सांगतं. खटला अजून चाललेला नसताना लिहिलेलं असं निवेदन सरकारी पक्षाच्या हाती पडलं, तर तो कबुलीजबाब ठरतो. मालकाच्या अंतर्गत चौकशीत दिलेल्या उत्तरांचंही तेच. कबुलीजबाब पोलिसांपुढेच दिलेला असावा लागतो असं कायदा म्हणत नाही. गुन्हा नाकारायचा असेल, तर निकाल लागेपर्यंत घटनेबद्दल काहीही लिहू देऊ नका.

नियामकाच्या पॅनेलपुढची अंतरिम आदेशाची, म्हणजे चौकशी संपेपर्यंत नर्सच्या कामावर निर्बंध घालण्याची, सुनावणी मात्र खटल्याच्या आधीच येऊ शकते. ते पॅनेल खरं-खोटं ठरवत नाही. लोकांच्या संरक्षणासाठी आदेश आवश्यक आहे का, तो अन्यथा सार्वजनिक हिताचा आहे का किंवा खुद्द नर्सच्या हिताचा आहे का, एवढंच ते पाहतं. आदेश एका वेळी जास्तीत जास्त १८ महिन्यांचा असतो आणि मधे त्याचा फेरआढावा होतो. म्हणून युक्तिवाद धोक्यावर ठेवा: टाइमशीटवर दुसऱ्याची सही लागेल अशी अट चालेल का, एकाच वॉर्डात काम करण्याची अट पुरेल का. घटनेबद्दल साक्ष देऊ नका.

जामीन

बेल ॲक्ट १९७६ खाली जामिनाकडे सर्वसाधारण हक्क म्हणूनच पाहिलं जातं, आणि अशा प्रकरणात तो बहुधा वादाचा मुद्दा नसतो. वाद असतो अटींचा. संध्याकाळी सात ते सकाळी सात कर्फ्यू लागला, तर रात्रपाळी करणाऱ्या नर्सची नोकरी तिथेच गेली. तेव्हा रोस्टर खिशात घेऊन जा आणि पर्यायी अट शब्दांत तयार ठेवा: पत्ता, नेमके तास, कोणत्या साक्षीदारांशी संपर्क नको त्यांची नावं. ‘कोणत्याही सहकाऱ्याशी बोलू नये’ ही अट दोनशे जणांच्या विभागात पाळणं अशक्य आहे, आणि ती मोडली की अटक ठरलेली.

कर्फ्यू टॅगसह (अंगावर बांधलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणासह) आणि दिवसाला किमान ९ तासांचा असेल, तर पुढे तुरुंगवास झाल्यास त्यातले अर्धे दिवस शिक्षेतून वजा होतात. कोठडीत काढलेले दिवस आपोआप धरले जातात, कर्फ्यूचे हे दिवस मात्र न्यायाधीशाला आकड्यासह जाहीर करावे लागतात. हिशेब तुम्हीच करून सरकारी वकिलाची संमती आधी घ्या.

कबुली आणि तिचा आधार

गुन्हा कबूल करायचा की नाही, हा निर्णय नर्सचाच. तुमचं काम परिणाम स्पष्ट सांगणं. मॅजिस्ट्रेट्स कोर्टातल्या पहिल्याच सुनावणीत कबुली दिली तर शिक्षेत एक तृतीयांश सूट मिळते. नंतर, म्हणजे क्राउन कोर्टातल्या पहिल्या सुनावणीत, ती एक चतुर्थांशावर येते आणि खटल्याच्या पहिल्या दिवशी एक दशांशावर. पण नर्सला दुसरा परिणामही त्याच बैठकीत सांगा. कौन्सिलच्या २००४ च्या नियमांतल्या नियम ३१ प्रमाणे शिक्षेचा दाखला हा दोषसिद्धीचा निर्णायक पुरावा असतो, आणि ती व्यक्ती आपण नव्हेच हे दाखवणं सोडून त्याविरुद्ध पुरावा देता येत नाही. फसवणूक कबूल केली की अप्रामाणिकपणाही कायमचा कबूल झाला. ‘वेळ वाचावा म्हणून मान्य केलं, खरं तर माझी चूक नव्हती’ हे पुढे पॅनेलला सांगायची सोय उरत नाही, आणि सांगितलं तर आत्मपरीक्षण नाही असा शेरा बसतो. हा सल्ला ब्रीफवर लिहून नर्सची सही घ्या, तारीख घाला.

गुन्हा मान्य आहे पण सगळा नाही, असं असेल तर बेसिस ऑफ प्ली लागतो, म्हणजे कोणत्या वस्तुस्थितीवर कबुली दिली ते सांगणारा लेखी कागद. उदाहरणातल्या २२ पाळ्यांपैकी ३ खरोखर केलेल्या निघाल्या, तर रक्कम साधारण ४,५८० पौंडांवर येते. फसवणुकीच्या शिक्षा-मार्गदर्शक तत्त्वांत ५,००० पौंडांखाली नुकसानीची श्रेणी पाचवी, त्यावर चौथी. तीन पाळ्यांनी श्रेणी बदलते, आणि पुढे पॅनेल पाहतं तो फसवणुकीचा कालावधीही आखूड होऊ शकतो.

हा कागद तथ्यांपुरता ठेवा: कोणत्या तारखा मान्य, कोणत्या नाहीत, एकूण रक्कम. ताणतणाव, घरची अडचण, माफी यांना त्यात जागा नाही. ती शिक्षेच्या वेळची बोलणी. ‘वॉर्डात सगळेच असं करत होते’ हे वाक्य तर चुकूनही नको. कोर्टात त्याने फारसा फरक पडत नाही, नियामकापुढे मात्र तो दोष दुसऱ्यावर ढकलणं ठरतो. नर्सची सही घ्या आणि सरकारी पक्षाची संमतीही लेखी घ्या. इतकं करूनही न्यायाधीश त्याला बांधील नसतो. वाद राहिला आणि त्याने शिक्षेवर फरक पडणार असेल, तर न्यूटन सुनावणीत, म्हणजे कबुलीनंतर वादातली तथ्यं ठरवण्यासाठीच्या सुनावणीत, पुरावा घेतला जातो. तिथे हरलात तर कबुलीबद्दल मिळायची ती सूट साधारणपणे निम्मी होते. तेव्हा तीन पाळ्यांचा कागदोपत्री पुरावा हातात असल्याशिवाय तो मार्ग धरू नका.

शिक्षेच्या वेळचं भाषण

न्यायाधीशाचे शेरे पुढे लिहून मागवले जाऊ शकतात आणि पॅनेल ते वाचतं. तुम्ही जे बोलता त्यातलं बरंच त्या शेऱ्यांत उतरतं. ‘यांचं नर्सिंग आता कायमचं संपलं’ असं सांगून शिक्षा कमी करून घ्यायचा मोह होतो. ते खरं नसतं, निर्णय पॅनेलचा असतो, आणि सहा महिन्यांनी तेच वाक्य तुमच्याच अशिलाविरुद्ध वाचलं जातं. त्याऐवजी म्हणा: प्रकरण नियामकाकडे जाईल, नोंदणीवर गंभीर परिणाम होऊ शकतो. अचूकही आहे आणि पुरेसंही.

ठोस गोष्टी मांडा. पैसे परत केले असतील तर बँकेची नोंद. शिफारसपत्रं तीन पुरेत, पण प्रत्येकावर तारीख आणि सही हवी आणि लिहिणाऱ्याला आरोप माहीत असल्याचं पत्रातच म्हटलेलं हवं. ते नसेल तर पत्राला किंमत राहत नाही, दोन्हीकडे.

आदेशाची लांबीही महत्त्वाची. २००५ च्या फ्लाइशमन खटल्यात हायकोर्टाने सांगितलेलं तत्त्व असं की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याने ती समाधानकारकपणे पूर्ण होईपर्यंत सहसा कामावर परतू नये. म्हणजे कम्युनिटी ऑर्डर (तुरुंगाऐवजी समाजात राहून भोगायची शिक्षा) १२ महिन्यांऐवजी २४ महिन्यांची झाली, तर दुसरं वर्षही कामाविना जाऊ शकतं. विनापगारी कामाचे तास थोडे वाढले तरी चालतील, आदेश लवकर संपू द्या, असा युक्तिवाद करणं रास्त आहे. कंडिशनल डिस्चार्ज, म्हणजे ठरावीक काळात नवा गुन्हा न करण्याच्या अटीवर शिक्षा न देता सोडणं, बहुतेक कारणांसाठी दोषसिद्धी धरला जात नाही; तरीही त्यामागच्या वर्तनावर नियामक कारवाई करू शकतो, हे नर्सला सांगून ठेवा.

निकालानंतर आणि पॅनेलपुढे

त्याच दिवशी सुनावणीची नोंद लिहा. दाखला आला की कलम, तारीख, रक्कम तपासा. कोर्ट ऑफ अपीलमध्ये जाण्याची मुदत २८ दिवस.

कौन्सिलचं पॅनेल तिघांचं असतं आणि पुराव्याचं माप दिवाणी, म्हणजे शक्याशक्यतेच्या तुलनेचं. दोषसिद्धीच्या प्रकरणात तथ्यांवर वाद जवळपास उरत नाही; खरी लढाई नर्स म्हणून काम करण्याच्या आजच्या पात्रतेवर. २००८ च्या कोहेन खटल्याने तीन प्रश्न दिले: चूक सुधारण्याजोगी आहे का, सुधारली आहे का, पुन्हा घडण्याची शक्यता अत्यल्प आहे का. आत्मपरीक्षणाचं निवेदन लिहायची वेळ आता आली. अप्रामाणिकपणा प्रशिक्षणाने पुसता येत नाही, त्यामुळे नुसती कोर्सची प्रमाणपत्रं जोडून भागत नाही. त्या वेळी मनात काय चाललं होतं, पैसे कोणाच्या उपचारांतून गेले, पैशांची तंगी आज पुन्हा आली तर कोणाकडे जाणार, हे नर्सच्या स्वतःच्या शब्दांत हवं. मसुदा तुम्ही लिहिलात तर उलट प्रश्नांत पाच मिनिटांत उघडं पडतं.

पात्रता बाधित ठरली तर पर्याय हलक्यापासून वर पाहिले जातात: एक ते पाच वर्षांचा ताकीद आदेश, तीन वर्षांपर्यंत अटी, १२ महिन्यांपर्यंत निलंबन, नाव वगळणं. युक्तिवाद याच क्रमाने करा आणि नेमकी मुदत सुचवा. निलंबन किंवा नाव वगळण्याचा आदेश अपिलाची २८ दिवसांची मुदत संपल्यावर लागू होतो, म्हणून कौन्सिलचा वकील मधल्या काळासाठी अंतरिम आदेश मागतो. नर्स त्या वेळी कामावर असेल, तर त्या अर्जाचं उत्तर आधीच तयार ठेवा; ते द्यायला दिवसअखेर दहा मिनिटं मिळाली तर पुष्कळ.