फेसाळ आयरान, दादरच्या ओट्यावर

आयरान करायला घेतलंत की हिंग, जिरं, मिरची, कोथिंबीर सगळं लांब ठेवा. तुर्कस्तानातल्या या पेयात दही, पाणी आणि मीठ एवढंच असतं. काही जण वरून पुदिना घालतात. मी घालत नाही, कारण मग दह्याची चव मागे पडते.

म्हणूनच दही उत्तम हवं. मुंबईत मे महिन्यात विरजण रात्रभर ओट्यावर राहिलं तर सकाळी आंबट ढाण होतं. मी म्हशीच्या दुधाला सकाळी विरजण लावते आणि दही अधमुरं असतानाच फ्रिजमध्ये टाकते.

चार जणांना दोन वाट्या दही, एक वाटी गार पाणी, अर्धा चमचा साधं मीठ. काळं मीठ नको. आधी दह्यात मीठ आणि थोडंसंच पाणी घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी ओता. आता उंच पातेलं आणि रवी घ्या. रवी तळाशी न ठेवता वर आणा, अर्धी बुडालेली राहील अशी, म्हणजे हवा आत ओढली जाते आणि दाट पांढरा फेस चढतो. फेस आला की थांबा. म्हशीच्या दुधाचं दही जास्त घुसळलं तर लोणी सुटायला लागतं.

फेसाचं कौतुक तिकडेही आहे. बालिकेसिर प्रांतातलं सुसुरलुक गाव फेसाळ आयरानसाठीच प्रसिद्ध आहे.

सासूबाई म्हणतात, "अगं, हे आपलं ताकच की!" तसं अगदी नाही. ताकातलं लोणी आपण काढून घेतो, रोजच्या आयरानमध्ये स्निग्धांश तसाच राहतो. पण खेड्यांत लाकडी किंवा कातड्याच्या घुसळणीत लोणी काढून उरतं ते 'यायिक आयरान', आणि तिथे सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. हे पेय जुनंही फार: अकराव्या शतकातल्या महमूद काशगरीच्या तुर्की शब्दकोशात ते सापडतं. 2013 मध्ये तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांनी त्याला राष्ट्रीय पेय म्हटलं.

तिकडे ते कबाब किंवा लाहमाजुन, म्हणजे खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी, यांच्याबरोबर पितात. आमच्याकडे खिमा-पाव असला की हवंच, आणि शाकाहारी दिवशी थालीपीठ. तांब्याचे पेले वापरणार असाल तर आतून कल्हई केलेलेच घ्या.