फाइल एक्सप्लोररमधील रिकामे ड्राइव्ह कधी लपवावेत आणि कधी दाखवावेत

परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी लग्नसराई सुरू झाली, की फोटो काढणारी मंडळी आणि खेड्यांवरून आलेले पाहुणे मेमरी कार्ड घेऊन माझ्या सेवा केंद्रात येतात, आणि ‘कार्ड घातले, पण संगणकात दिसत नाही’ ही तक्रार त्या दिवसांत रोज कानावर येते. तिचा उलगडा करायचा, तर विंडोजमधील एक लहानशी सोय नीट समजून घ्यावी लागते.

विंडोजच्या लेखी ‘रिकामा ड्राइव्ह’ म्हणजे ज्यात एकही फाइल नाही असा ड्राइव्ह नव्हे. नवाकोरा पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कचा काहीही न साठवलेला भाग फाइल एक्सप्लोररमध्ये नेहमीप्रमाणे दिसतोच. ज्या खाचेत कार्ड घालता येते, पण या क्षणी ते घातलेले नाही, त्या खाचेला विंडोज रिकामा ड्राइव्ह मानते. चार खाचांचा कार्ड रीडर जोडला, की बहुधा प्रत्येक खाचेला ‘एफ’, ‘जी’, ‘एच’, ‘आय’ असे एकेक अक्षर मिळते. जुन्या विंडोज एक्सपीमध्ये ही चारही चिन्हे कायम समोर दिसत आणि गिऱ्हाईक चुकीच्या खाचेवर क्लिक करून ‘डिस्क घाला’ हा संदेश पाहून गोंधळून जाई. विंडोज 7, 10 आणि 11 मध्ये अशी चिन्हे मुळातच लपवलेली असतात, आणि रोजच्या कामासाठी तेच सोयीचे आहे, असे माझे मत आहे.

ही चिन्हे दाखवायची असतील, तर विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून वरच्या पट्टीतील तीन टिंबांवर क्लिक करावे आणि ‘ऑप्शन्स’ निवडावे. विंडोज 10 मध्ये ‘व्ह्यू’ या टॅबच्या उजव्या टोकाला ‘ऑप्शन्स’ असते, तर विंडोज 7 मध्ये ‘ऑर्गनाइझ’च्या यादीतून ‘फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स’कडे जावे लागते. उघडलेल्या चौकटीतील ‘व्ह्यू’ टॅबच्या यादीत ‘हाइड एम्प्टी ड्राइव्हज’ अशी ओळ सापडेल. तिच्यासमोरची टिक काढून ‘अप्लाय’ आणि मग ‘ओके’ करावे. चिन्हे पुन्हा लपवायची झाल्यास त्याच ठिकाणी टिक करावी. हा बदल फक्त त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरता असतो, त्यामुळे एकाच संगणकावर दोघांची वेगळी खाती असतील, तर प्रत्येक खात्यात तो स्वतंत्रपणे करावा लागतो.

आता मूळ तक्रारीकडे वळू. कार्ड घातल्यावरही चिन्ह उमटत नसेल, तर मी प्रथम ही टिक काढतो, कारण त्यानंतर जे दिसते त्यावरून दोष कुठे आहे याचा बराचसा अंदाज येतो. खाचेचे चिन्ह दिसले, पण क्लिक केल्यावर ‘डिस्क घाला’ असेच उत्तर आले, तर रीडर संगणकाला कळला आहे, मात्र कार्ड रीडरला कळलेले नाही. अशा वेळी कार्ड काढून त्याच्या पितळी रंगाच्या पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसाव्यात आणि ते दुसऱ्या रीडरमध्ये घालून पाहावे. आमच्याकडे उन्हाळ्यात जी बारीक धूळ उडते, ती खाचांत हमखास जाऊन बसते. खाचेचे चिन्हही दिसले नाही, तर रीडरची वायर किंवा यूएसबी पोर्ट तपासावा. पेन ड्राइव्हच्या बाबतीत मात्र लक्षण अधिक गंभीर असू शकते: विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’ या, जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हची यादी दाखवणाऱ्या खिडकीत त्याच्यापुढे ‘नो मीडिया’ असे लिहून आले, तर आतली साठवण चिप संगणकापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे.

याहून वेगळी अशी एक अवस्था आहे आणि तिथे फार जपावे लागते. क्लिक केल्यावर ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला, तर तो ड्राइव्ह रिकामा नाही. त्यात कार्ड आहे, बहुधा फोटोही आहेत, फक्त त्यांची मांडणी विंडोजला वाचता येत नाही. घाईने ‘फॉरमॅट’ दाबले, तर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे फोटो कायमचे हातचे जाऊ शकतात. तिथे ‘कॅन्सल’ करून कार्ड बाजूला काढावे, त्यावर नवे काहीही लिहू नये आणि आधी फाइल परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा उपयोग करून पाहावा.

कधी कधी कार्डही ठीक असते आणि खाचही. ड्राइव्हला फक्त अक्षर मिळालेले नसते. विंडोज 10 किंवा 11 मध्ये विंडोज आणि एक्स या कळा एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे, त्या ड्राइव्हच्या भागावर उजवे क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडावे आणि मोकळे अक्षर द्यावे. मी रोजच्या वापरातील खाचेला ‘एस’ हे अक्षर दिले आहे, जेणेकरून मदतीला येणाऱ्या मुलांना शोधाशोध करावी लागत नाही. तपासणी संपली, की ‘हाइड एम्प्टी ड्राइव्हज’ची टिक मी पुन्हा लावतो, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाचे कार्ड घातल्यावर काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हचे एकच चिन्ह उमटते आणि ते त्याचेच असते.