कर्ज थकलंय आणि सिक्युरिटी क्लिअरन्स हवाय? मग फॉर्म भरायच्या आधी हे करा

अमेरिकेत डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडे किंवा फेडरल नोकरीत क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागणार म्हटलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो तो क्रेडिट कार्डाच्या बिलांमुळे. तर आधी एक क्लिअर करतो, या क्रेडिट स्कोअरच्या खाली गेलात की नापास, असा कुठलाच आकडा नाहीये. होम लोन, स्टुडंट लोन वेळेवर चालू असेल तर नुसतं कर्ज आहे म्हणून सहसा कोणी अडवत नाही. बघतात काय, तर पैसे थकले का, कशामुळे थकले आणि थकल्यावर तुम्ही काय केलंत.

क्लिअरन्स द्यायचा की नाही याचे २०१७ पासून जे नियम लागू आहेत त्यात १३ गाइडलाइन्स आहेत, पैशांची ती गाइडलाइन एफ. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी गुपितं विकेल अशी सरकारला भीती असते आणि ती काही उगाच नाही, सीआयएचा अधिकारी अॅल्ड्रिच एम्स १९८५ मध्ये पैशाच्या अडचणीत होता तेव्हाच सोव्हिएत लोकांकडे गेला, पकडला गेला थेट १९९४ ला.

आता कामाचं. इक्विफॅक्स, एक्सपिरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे तुमचे क्रेडिट रिपोर्ट काढा, फुकट मिळतात, आणि एकेक ओळ वाचा कारण तपासणारा तेच वाचणार आहे. मग एसएफ-८६, म्हणजे क्लिअरन्ससाठी भरायचा फॉर्म, त्याचा सेक्शन २६ उघडा. मागच्या ७ वर्षांतली बँकरप्सी, न भरलेला टॅक्स, कलेक्शनला (वसुली एजन्सीकडे) गेलेली बिलं, १२० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं खातं, सगळं विचारतात. नंतर भरून टाकलं असलं तरी लिहायचं. आणि हो, मेव्हण्याच्या कार लोनवर को-साइन केलं होतं, म्हणजे जामीन राहिला होतात, आणि त्याने हप्ते बुडवले, तर तेही तुमच्याच फॉर्ममध्ये येतं! इथे लपवालपवी अजिबात नको, कर्जातून वाट निघते पण मुद्दाम खोटं लिहिलंत तर तो फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत जेल होऊ शकते, शिवाय तुमच्या प्रामाणिकपणावर जो प्रश्न उभा राहतो तो कर्जापेक्षा जड जातो.

नोकरी गेली, घटस्फोट झाला, हॉस्पिटलचं अचानक बिल आलं, कोणी तुमच्या नावावर फ्रॉड केला, ही कारणं नियमातच मान्य आहेत, फक्त त्यानंतर तुम्ही जबाबदारीने वागलात हे दाखवावं लागतं. म्हणून बँकेला स्वतःहून फोन करा, झेपेल तेवढाच हप्ता ठरवा, तो लेखी घ्या आणि दर महिन्याची पावती जपून ठेवा. महिन्याला छोटा हप्ता पण ७-८ महिने न चुकता, हे नोटीस आल्यावर घाईघाईत केलेल्या प्लॅनपेक्षा कितीतरी भारी पडतं. चार्ज-ऑफ झालं, म्हणजे बँकेने ते बुडीत खात्यात टाकलं, किंवा जुनं होऊन रिपोर्टवरून गेलं म्हणजे मिटलं असं समजू नका, तुम्ही फेडायला काय हालचाल केली हे तरीही विचारतात. टॅक्सचं सगळ्यात आधी बघा, पैसे नसले तरी रिटर्न फाइल करा आणि आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) कडून हप्ते बांधून घ्या. बजेट जमत नसेल तर नॉन-प्रॉफिट क्रेडिट कौन्सेलिंग घ्या, त्याचाही फायदा धरतात. कर्ज तुमचं नाहीच असं असेल तर क्रेडिट ब्युरोकडे डिस्प्यूट (हरकत) टाका, पण पुराव्यासकट.

एवढं करूनही स्टेटमेंट ऑफ रीझन्स, म्हणजे क्लिअरन्स का अडतोय याची कारणं सांगणारी नोटीस, आलंच तर तो शेवटचा निकाल नसतो. कॉन्ट्रॅक्टरच्या केसमध्ये साधारण २० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, प्रत्येक मुद्द्यावर मान्य की अमान्य ते लिहायचं, खाली कागद जोडायचे, आणि हवी असेल तर सुनावणी मागायची. रक्कम मोठी असेल तर या कामातला वकील गाठा.

क्लिअरन्स मिळाल्यावरही हल्ली सतत तपासणी चालू असते, क्रेडिटवरचे बदल त्यांना आपोआप कळतात, त्यामुळे नंतर एखादं कर्ज १२० दिवसांच्या पुढे थकलं किंवा बँकरप्सी घ्यावी लागली तर त्यांच्याकडून फोन यायची वाट न बघता आपल्या सिक्युरिटी ऑफिसरला आधी स्वतः जाऊन सांगा.