कॉलरा: जुलाब थांबवण्याच्या नादात होणाऱ्या चुका

कॉलऱ्यात जीव जातो तो अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे, कधी कधी तर काही तासांतच. तरी घरात पहिली धावाधाव होते ती जुलाब बंद करणाऱ्या गोळीसाठी. लोपेरामाइडसारख्या गोळीने आतड्याची हालचाल मंदावते. गेलेलं पाणी काही भरून येत नाही, उलट ते आतड्यातच साचून राहतं. वर ‘आता कमी आहे’ म्हणून सगळे निर्धास्त! कॉलऱ्यात ही गोळी नकोच.

दुसरी चूक: उलट्या होतायत म्हणून पाणीच बंद करणं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने ओआरएस (साखर-क्षारांचं पाणी) सुरू करा. साखरेसोबत मीठ आणि त्यामागोमाग पाणी शोषून घेण्याची आतड्याची क्षमता कॉलऱ्यातही शाबूत असते. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच भरवशावर साखर-मिठाचं पाणी पाजायला लावलं. तिथला मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आला.

पण प्रमाण चुकवू नका. पेलाभर पाण्यात अंदाजाने अर्धं पाकीट टाकणं धोक्याचं, कारण मीठ जास्त होतं. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे 6 आणि मिठाचा अर्धा, असे सपाट चहाचे चमचे. 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. बाळाचं अंगावरचं दूध मात्र तोडू नका.

डोळे खोल गेले, पोटावर चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, लघवी नाही, ग्लानी आहे, तर घरी वेळ काढू नका, दवाखान्यात न्या. अशा वेळी शिरेतून रिंगर लॅक्टेट (क्षार असलेलं सलाईन) लागतं; नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीत हवे ते क्षार नसतात. अँटिबायोटिक दुय्यम, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच.

राहिला प्रसार. रुग्णाजवळ बसल्याने कॉलरा होत नाही, विष्ठेतले जंतू पाण्या-अन्नातून तोंडात गेल्याने होतो. संसर्ग झालेल्या बहुतेकांना त्रास होत नाही किंवा किरकोळ होतो, तरी त्यांच्या विष्ठेतून काही दिवस जंतू पडतात. म्हणून ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही’ याला अर्थ नाही. तुरटीने गाळ बसतो, पण पाणी नितळ झालं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही. खळखळून उकळा, झाका, आणि त्यात हात बुडवून पेला भरू नका. ओगराळं ठेवा.